रस्त्यात वाहनमोजणीचे सेन्सर बसवताना: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

रस्त्याच्या पृष्ठभागात तारेचे वेढे पुरून त्यांवरून जाणारी वाहने मोजण्याची पद्धत १९६०च्या दशकापासून वापरात आहे. कॅमेरे आणि रडार आल्यानंतरही ती मागे पडलेली नाही, कारण अंधार, धुके आणि पाऊस यांनी तिच्या मोजणीत फारसा फरक पडत नाही आणि तिच्यामागचे तत्त्वही साधे आहे. तारेच्या वेढ्यांना आपण लूप म्हणतो. या लूपमधून उच्च वारंवारतेचा प्रवाह खेळवला जातो. वर वाहन आले की त्याच्या धातूच्या तळात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह, म्हणजे भोवरप्रवाह, निर्माण होतात, त्यामुळे लूपचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा तारेच्या वेढ्यांचा गुणधर्म) किंचित घटतो आणि बाजूच्या पेटीतील डिटेक्टर हा बदल टिपून 'एक वाहन' अशी नोंद करतो.

बसवण्याचे कामही वरवर पाहता तितकेच साधे वाटते. खाच कापायची, तार घालायची, खाच बुजवायची आणि तार पेटीपर्यंत न्यायची, एवढेच ते आहे. प्रत्यक्षात डिटेक्टर क्वचितच बिघडतो. बिघडतात त्या खाचेच्या कडा, लूपचे कोपरे आणि तारांचे जोड, आणि एकदा खाच बुजवली की आतली चूक दुरुस्त करण्यासाठी रस्ता पुन्हा बंद करून पुन्हा कापण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून पुढे कापण्याच्या कौशल्यापेक्षा जागेची निवड, मोजमापे आणि बुजवण्याआधीची तपासणी यांवर अधिक लिहिले आहे.

१. काय मोजायचे आहे ते आधी ठरवा

केवळ वाहनांची संख्या हवी असेल तर प्रत्येक मार्गिकेत एक लूप पुरतो. वेग आणि वाहनाची लांबी हवी असेल तर एकाच मार्गिकेत एकामागे एक असे दोन लूप लागतात. वाहनाच्या आसांची (अ‍ॅक्सलची) संख्या किंवा आसांवरील भार हवा असेल तर दोन लूपच्या मधोमध रस्त्याला आडवी अशी पिझो पट्टी, म्हणजे दाब पडताच विद्युत संकेत देणारी पट्टी, बसवावी लागते, आणि भार मोजायचा असल्यास रस्त्याचा सपाटपणा व पायाची मजबुती यांच्या अटी इतक्या कडक होतात की ते वेगळेच काम समजावे. भूचुंबकीय सेन्सर हा चौथा पर्याय आहे. वाहनाच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल तो टिपतो, साधारण १०० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात बसतो आणि बॅटरीवर चालून बिनतारी संदेश पाठवतो. ज्या पुलाच्या किंवा नाजूक पृष्ठभागाच्या रस्त्यावर लांब खाचा कापणे परवडणारे नसते तिथे तो सोयीचा पडतो. मात्र बॅटरी संपली की सेन्सर बदलण्यासाठी पुन्हा रस्त्यात उतरावे लागते, हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

दोन-चार दिवसांची मोजणी हवी असेल तर रस्ता कापूच नका. रस्त्यावर आडव्या ठोकलेल्या हवेच्या रबरी नळ्या किंवा खांबावरचा कॅमेरा तेवढ्यासाठी पुरेसा आहे. पुरलेला सेन्सर हा वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोजणी-केंद्रासाठी असतो. यापुढचा सर्व मजकूर लूपविषयी आहे, कारण नवख्या माणसाच्या वाट्याला बहुधा तेच काम येते.

२. जागा निवडा, आणि त्यासाठी रस्त्यावर उभे राहा

नकाशावर सोयीची दिसणारी जागा प्रत्यक्षात निरुपयोगी निघू शकते. लूपची सगळी मोजणी 'प्रत्येक वाहन आपापल्या मार्गिकेतून, न थांबता, पुढच्या वाहनापासून काही अंतर ठेवून जाते' या गृहीतकावर उभी असते. म्हणून सरळ, शक्य तितका सपाट आणि चौकापासून इतका दूर असा तुकडा शोधावा, की सर्वाधिक गर्दीच्या वेळीही सिग्नलची रांग तिथपर्यंत पोहोचत नाही. बसथांबा, पेट्रोल पंपाचे तोंड, मार्गिका एकत्र येण्याची किंवा फुटण्याची जागा आणि वाहने जिथे सवयीने मार्गिका बदलतात ती जागा टाळावी. जिथे दुचाकी दोन मार्गिकांमधील रेषेवरून धावतात तिथे ही पाहणी विशेष महत्त्वाची ठरते, कारण दोन लूपच्या मधून गेलेली दुचाकी कुठेच मोजली जात नाही आणि रेषेवर चाक ठेवून गेलेली कार कधी कधी दोन्हीकडे मोजली जाते.

यानंतर रस्त्याची प्रकृती पाहावी. भेगाळलेल्या, चाकोरी पडलेल्या किंवा खचणाऱ्या डांबरात कापलेली खाच फार काळ टिकत नाही. थर सरकला की तार ताणली जाते. नव्या रस्त्यावर किंवा नजीकच्या काळात नूतनीकरण होणार असलेल्या रस्त्यावर काम करायचे असल्यास वरचा थर अंथरण्याआधी नळीत बसवलेले तयार लूप खालच्या थरावर टाकता येतात का, हे विचारावे. त्यात वरच्या थराला खाच पडत नाही.

जमिनीखालचे पोलाद हा पुढचा मुद्दा आहे. सळ्यांची जाळी, पुलाच्या पोलादी तुळया, मॅनहोलचे झाकण आणि रूळ यांच्याजवळ लूपची संवेदनक्षमता घटते. सळ्यांचा शोध घेणारे यंत्र एकदा फिरवून घ्यावे आणि तार व सळई यांत किमान ५० मिलिमीटर अंतर राहील असे पाहावे. काँक्रीटच्या रस्त्यात लूप एकाच फरशीत बसला पाहिजे. सांध्यावरून तार नेणे अटळ असेल, तर तिथे मोठे छिद्र पाडून तारेला ढील द्यावी, म्हणजे फरशा हलल्या तरी ती तुटणार नाही.

शेवटी पेटीचे अंतर मोजावे. ते का महत्त्वाचे आहे याचा हिशेब पाचव्या पायरीत आहे.

३. कागदपत्रे आणि परवानग्या

कार्यालयानुसार नावे बदलतात, पण मागितल्या जाणाऱ्या गोष्टी जवळपास त्याच असतात:

- रस्ता ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे तिची रस्ता कापण्याची लेखी परवानगी, खाचेची खोली आणि लांबी नमूद केलेली
- वाहतूक वळवण्याचा आराखडा आणि वाहतूक पोलिसांची संमती
- पाणी, वीज, गॅस, दूरसंचार या भूमिगत वाहिन्यांचे नकाशे किंवा संबंधितांची ना-हरकत
- जागेचा मोजमापांसह आराखडा: मार्गिका, लूप, चेंबर (रस्त्याच्या कडेचा, लूपची तार पुढच्या केबलला जोडण्याचा झाकणबंद खड्डा), पेटी
- तार, केबल आणि बुजवण्याच्या द्रव्याची उत्पादकाची तांत्रिक पत्रके
- मोजणी-यंत्रांची अलीकडची तपासणी प्रमाणपत्रे
- कामगारांचा व तृतीय पक्षाचा विमा
- वीजजोडणीचे पत्र, किंवा सौर संच बसवणार असल्यास त्याचा आराखडा

परवानगीत खोली लिहून घ्या असे मी आवर्जून सांगतो. 'लूप बसवण्यास परवानगी' एवढेच वाक्य असलेला कागद घेऊन गेल्यास जागेवरचा पर्यवेक्षक २५ मिलिमीटरपेक्षा खोल कापू देत नाही, आणि इतक्या उथळ खाचेत घातलेली तार वाहनांच्या चाकांखाली लवकरच उघडी पडते. वाहतूक बंद ठेवण्याची वेळ मागताना बुजवण्याचे द्रव्य सुकण्याचा कालावधीही त्यात धरावा. तो विसरला जातो आणि मग ओल्या खाचेवरून वाहतूक सोडावी लागते.

४. साहित्य आणि हत्यारे

तार तांब्याची, बहुतंतू, १.५ ते २.५ चौरस मिलिमीटर छेदाची आणि क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिनच्या आवरणाची असावी. घरगुती वायरिंगची पीव्हीसी तार स्वस्त आणि सहज मिळणारी असली तरी वापरू नये. तिचे आवरण साधारणपणे सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते, आणि गरम डांबरी द्रव्य त्याहून कितीतरी अधिक तापमानाला ओतले जाते. चेंबरपासून पेटीपर्यंत पिळलेल्या जोडीची, धातूच्या जाळीचे कवच असलेली फीडर केबल लागते.

हत्यारांत हिऱ्याच्या ब्लेडचे पाण्यावर चालणारे रस्ता कापण्याचे यंत्र, कोअर ड्रिल, पाण्याची टाकी, तेल आणि पाणी गाळणारा कॉम्प्रेसर, खडूची दोरी, फीत, फवाऱ्याचा रंग, बोथट लाकडी पट्टी, फोमच्या दोरीचे तुकडे, सोल्डरिंगचा संच, गोंदाचा थर असलेल्या आकुंचन पावणाऱ्या नळ्या आणि रेझिन भरण्याची जोडपेटी यांचा समावेश होतो. मोजमापासाठी मल्टीमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) आणि इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर ही तीन यंत्रे हवीत. तिसरे यंत्र नसेल तर ते भाड्याने आणावे, पण त्याशिवाय कामाला हात घालू नये.

५. आखणी आणि वेढ्यांचा हिशेब

सर्वसाधारण वापरातील लूप १.८ ते २ मीटर बाजूचा चौरस असतो आणि मार्गिकेच्या मधोमध बसतो. ३.५ मीटर रुंदीच्या मार्गिकेत १.८ मीटरचा लूप बसवल्यास दोन्ही बाजूंना ८५ सेंटिमीटर जागा सुटते. अधिक रुंद लूप केल्यास कडेने जाणाऱ्या दुचाकी सापडतात, परंतु शेजारच्या मार्गिकेतील ट्रकही मोजले जाऊ लागतात. लूप किती उंचीपर्यंत 'पाहतो' हे त्याच्या लहान बाजूवर अवलंबून असते. ढोबळमानाने त्या बाजूच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. म्हणजे १.८ मीटरच्या लूपची पोहोच ०.९ ते १.२ मीटर असते. उंच सांगाड्याच्या ट्रेलरचा मधला भाग या उंचीच्या वर गेला, तर मध्येच संकेत तुटतो आणि एका ट्रेलरची दोन वाहने होतात.

वेढे किती घ्यायचे याचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो. लूपची परिमिती मीटरमध्ये घ्या, तिला ०.८२ ने गुणा, आणि त्या गुणाकाराला वेढ्यांच्या संख्येचा वर्ग अधिक वेढ्यांची संख्या या बेरजेने गुणा. उत्तर मायक्रोहेन्रीत मिळते. १.८ मीटर चौरसाची परिमिती ७.२ मीटर. दोन वेढ्यांना सुमारे ३५, तीन वेढ्यांना सुमारे ७१ आणि चार वेढ्यांना सुमारे ११८ मायक्रोहेन्री येतात.

आता पेटीच्या अंतराकडे येऊ. फीडर केबललाही स्वतःचा इंडक्टन्स असतो, प्रत्येक मीटरला साधारण ०.७ मायक्रोहेन्री. पेटी १०० मीटरवर असेल तर केबलचे ७० मायक्रोहेन्री होतात. तीन वेढ्यांच्या लूपइतकाच हा आकडा आहे. वाहनामुळे बदल फक्त लूपमध्ये होतो, केबलमध्ये होत नाही. त्यामुळे लूपमध्ये २ टक्के बदल झाला तरी डिटेक्टरला तो १ टक्काच दिसतो. कारच्या बाबतीत यानेही भागते, कारण कारमुळे होणारा बदल टक्क्यांत मोजण्याजोगा असतो. मोटारसायकलमुळे मात्र टक्क्याच्या काही दशांशांइतकाच बदल होतो आणि त्याचाही अर्धा भाग केबलमध्ये हरवला तर दुचाकींची मोजणी ढासळते. म्हणून लूपचा इंडक्टन्स केबलच्या इंडक्टन्सपेक्षा निदान कमी नसावा, शक्यतो दुप्पट असावा आणि ५० मायक्रोहेन्रींच्या खाली तर जाऊच नये. पेटी दूर असेल तर एक वेढा वाढवावा. खालीच सळ्यांची जाळी असेल तरीही हाच उपाय आहे.

वेग मोजायचा असल्यास दोन लूपमधील अंतर पहिल्याच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्या कडेपर्यंत धरतात. समजा ते ४ मीटर आहे आणि दोन्ही संकेतांच्या सुरुवातींत ०.२४ सेकंदांचे अंतर आहे, तर वेग सेकंदाला १६.६७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. तेच वाहन २ मीटर लांबीच्या लूपवर ०.३६ सेकंद राहिले, तर त्या वेळात त्याने ६ मीटर अंतर कापले; त्यातून लूपची लांबी वजा केली की वाहनाची लांबी ४ मीटर येते. या गणितात ४ मीटरच्या अंतरात ५ सेंटिमीटरची चूक झाली तरी प्रत्येक वेगात सव्वा टक्का चूक कायमची बसते. डिटेक्टर दर १० मिलिसेकंदांनीच लूप तपासत असेल तर २४० मिलिसेकंदांच्या अंतरात सुमारे ४ टक्क्यांची अनिश्चितता त्याहून वेगळी. यासाठी आखलेले अंतर न लिहिता कापून झाल्यावर खाचेपासून खाचेपर्यंत मोजलेले अंतर यंत्रात भरावे.

६. खाच कापणे

वाहतूक रोखल्यावर प्रथम खडूच्या दोरीने रेषा मारा, चौरसाचे दोन्ही कर्ण मोजून ते समान असल्याची खात्री करा आणि मगच रंग फवारा. खाचेची रुंदी ६ ते १० मिलिमीटर आणि खोली ५० ते ७५ मिलिमीटर ठेवावी. सर्वांत वरच्या तारेवर किमान २५ मिलिमीटर आच्छादन उरले पाहिजे. ब्लेड गोल असल्यामुळे खाचेच्या शेवटी तळ वर चढत जातो. म्हणून पूर्ण खोली मिळेपर्यंत रेषेच्या थोडे पुढपर्यंत कापावे, नाहीतर नेमक्या कोपऱ्यातच तार वर येते.

कोपऱ्यांविषयी दोन पद्धती आहेत. एकीत काटकोनाऐवजी सुमारे ३० सेंटिमीटरची तिरकी खाच ४५ अंशांत घेतात. दुसरीत कोपऱ्यावर कोअर ड्रिलने छिद्र पाडून तारेला गोलाईने वळू देतात. हेतू एकच: तार धारदार कडेवर वळू नये, कारण वाहनांच्या कंपनाने ती कड आवरण हळूहळू कापत जाते. जुन्या डांबरात तिरक्या खाचेमुळे सुटणारा छोटा त्रिकोण उखडून येण्याची शक्यता असते, म्हणून तिथे मी छिद्राची पद्धत पसंत करतो. टणक काँक्रीटमध्ये दोन्ही चालतात.

कापताना निघालेला चिखल वाळण्यापूर्वीच धुऊन काढला पाहिजे. तो वाळला की खाचेच्या भिंतींना चिकटतो आणि बुजवण्याचे द्रव्य डांबराला न धरता त्या मातीला धरते. आधी भरपूर पाणी, मग दाबाची हवा, या क्रमाने काम करावे आणि कॉम्प्रेसरमधून तेलाचे थेंब येत नाहीत ना, हे कापडावर हवा सोडून पाहावे. खाच पूर्ण सुकल्यावर तळातून बोथट लाकडी पट्टी फिरवा. एखादा टोकदार खडा लागला तर तो काढून टाका. कापणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षक आणि श्वासासाठी मुखपट्टी वापरावी, कारण दगडाच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते.

७. तार घालणे

लूप आणि चेंबरपर्यंतची तार हा एकच अखंड तुकडा असावा. रस्त्याच्या पोटात एकही जोड चालत नाही. तारेच्या सुरुवातीच्या टोकाला चिठ्ठी लावा, एका ठरलेल्या दिशेने वेढे घाला आणि शेवटच्या टोकाला दुसरी चिठ्ठी लावा. वेढे एकमेकांच्या शेजारी न येता एकावर एक बसले पाहिजेत. तार खाली दाबण्यासाठी फक्त बोथट लाकडी पट्टी वापरा. घाईत हातातल्या स्क्रूड्रायव्हरने तार दाबली जाते, आवरणाला बारीकशी चीर पडते, त्या दिवशी सर्व मापे बरोबर येतात आणि पाऊस लागला की लूप वेड्यासारखा मोजू लागतो.

तार वर उचलली जाऊ नये म्हणून खाचेत दर ३० ते ६० सेंटिमीटरवर फोमच्या दोरीचा छोटा तुकडा घालावा. सलग दोरी घालू नये, कारण तिच्यामुळे द्रव्य तळापर्यंत पोहोचत नाही आणि पोकळी राहते.

लूपमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही तारा तिथूनच एकमेकींभोवती पिळाव्यात, मीटरला १५ ते १६ पीळ या प्रमाणात. एक तार सरळ ठेवून दुसरी तिच्यावर गुंडाळणे म्हणजे पीळ नव्हे. दोन्ही तारा सारख्याच वळल्या पाहिजेत. न पिळलेली जोडी आजूबाजूच्या विद्युत गोंगाटाला आणि शेजारच्या लूपच्या संकेताला अँटेनासारखी पकडते. शक्य असेल तर प्रत्येक लूपच्या जोडीसाठी कडेपर्यंत स्वतंत्र खाच ठेवावी.

८. बुजवण्यापूर्वी मोजा

या पायरीला लागणारा वेळ थोडा असतो आणि ती वगळण्याचा मोह मोठा असतो, विशेषतः वाहतूक पोलीस घड्याळ दाखवत असताना. तरीही पुढील तीन मापे लिहून घेतल्याखेरीज द्रव्याचा डबा उघडू देऊ नका.

पहिले माप तारेच्या रोधाचे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. तीन वेढ्यांची २१.६ मीटर आणि चेंबरपर्यंत जाऊन परतणारी २० मीटर अशी जवळपास ४२ मीटर तार असेल, तर ०.३ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. एवढ्या लहान मापात मल्टीमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधही गणला जातो, म्हणून त्या आधी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा.

दुसरे माप आवरणाचे. मेगरचे एक टोक तारेला आणि दुसरे जमिनीत रोवलेल्या सळईला लावून ५०० व्होल्टवर रोध पाहावा. तो १०० मेगाओहमपेक्षा अधिक असलाच पाहिजे. निर्दोष नव्या लूपमध्ये तो याहून खूप वर जातो. खाच कोरडी असताना मेगर छोटी चीर दाखवणार नाही, म्हणून खाचेत थोडे पाणी शिंपडून हे माप घ्यावे आणि नंतर हवेने खाच पुन्हा सुकवावी. वेळ जातो खरा, पण पुढच्या पावसापर्यंत लपून राहणारा दोष त्याच दिवशी हाती लागतो. मेगर लावताना डिटेक्टर आणि विद्युत लाट शोषणारे साधन जोडलेले नसावे.

तिसरे माप इंडक्टन्सचे. तो सूत्राने आलेल्या आकड्याच्या जवळपास असावा. ७१ अपेक्षित असताना ३५ आला, तर वेढा मोजण्यात चूक झाली आहे. अपेक्षेपेक्षा थोडा कमी आला तर खालच्या सळ्यांचा परिणाम असू शकतो.

९. बुजवणे

डांबरी रस्त्यासाठी लवचिक द्रव्य घ्यावे. टणक इपॉक्सी काँक्रीटमध्ये शोभते. डांबर उन्हात मऊ होऊन हलते तेव्हा ते इपॉक्सी त्याच्यासोबत हलत नाही आणि कडेने भेग पडते. द्रव्य एका टोकापासून सावकाश, दोन फेऱ्यांत ओतावे. पहिल्या फेरीत ते तारांभोवती शिरून बुडबुडे वर येऊ द्यावेत, दुसऱ्या फेरीत पृष्ठभागाच्या साधारण ३ मिलिमीटर खालपर्यंत भरावे. वर उंचवटा ठेवल्यास टायर तो ओढून काढतात. पावसाची चिन्हे असतील तर काम पुढे ढकलावे. बुजवून झाल्यावर तिन्ही मापे पुन्हा घ्यावीत.

१०. चेंबर, जोड आणि फीडर केबल

पाणी साचते ते चेंबरमध्ये, त्यामुळे पहिल्या काही वर्षांतील बहुतेक तक्रारींचा उगम इथल्या जोडात असतो. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला किंवा टोपी फिरवून केलेला जोड इथे मुळीच चालत नाही. तारा सोल्डर कराव्यात, प्रत्येकीवर गोंदाची आकुंचन नळी चढवावी, दोन्ही जोड एकमेकांसमोर न येता मागेपुढे ठेवावेत आणि सर्व मिळून रेझिन भरलेल्या जोडपेटीत बंद करावेत. ही पेटी चेंबरच्या तळाशी न सोडता वरच्या बाजूला टांगावी. पुढे कधी पुन्हा जोड करावा लागला तर उपयोगी पडावी म्हणून दोन्ही बाजूंना मीटरभर तार शिल्लक ठेवावी, पण तिचीही पिळलेली अवस्था मोडू देऊ नये.

केबलचे जाळीचे कवच फक्त पेटीच्या बाजूला अर्थिंगला जोडावे आणि चेंबरच्या बाजूला ते आवरणाने झाकून मोकळे सोडावे. दोन्ही टोके जमिनीला जोडल्यास दोन अर्थिंगमधील फरकामुळे कवचातून प्रवाह वाहू लागतो आणि ज्या गोंगाटापासून बचाव करायचा तोच आत येतो.

११. डिटेक्टरची जुळवणी

बाजारातील डिटेक्टर साधारण १० ते २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. शेजारचे दोन लूप डिटेक्टरच्या वेगवेगळ्या कार्डांना (पेटीत बसवायच्या सर्किटच्या पट्ट्यांना) जोडले असतील तर त्यांच्या वारंवारता वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर एका मार्गिकेतील वाहन दुसऱ्या मार्गिकेत उमटते. शक्य असेल तर असे लूप एकाच बहुवाहिनी कार्डावर घ्यावेत. ते कार्ड एका वेळी एकाच लूपला प्रवाह देते, त्यामुळे त्याच्या लूपमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही.

संवेदनक्षमता मधल्या पायरीवरून सुरू करावी. दुचाकी सुटत असतील तर ती वाढवावी, शेजारचा ट्रक मोजला जात असेल तर कमी करावी. सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून निश्चिंत होणारे अनेक जण भेटतात. त्यांच्या नोंदी फुगलेल्या असतात.

डिटेक्टरचे उत्तर दोन प्रकारचे असते: वाहन येताच एकच ठरावीक लांबीचा संकेत, किंवा वाहन लूपवर असेपर्यंत चालू राहणारा संकेत. केवळ संख्या हवी असेल तर पहिला प्रकार चालतो. लांबी किंवा लूप किती वेळ व्यापलेला होता हे हवे असेल तर दुसराच हवा, कारण पहिल्यात ती माहिती उरतच नाही. नोंदी दर १५ मिनिटांच्या बेरजांऐवजी प्रत्येक वाहनाच्या स्वतंत्र ओळीत साठवता येत असतील तर तसे करावे. बेरीज केव्हाही करता येते, पण बेरजेतून वाहन परत काढता येत नाही.

१२. खातरजमा

यंत्राचे घड्याळ आणि कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवून रस्त्याचे चित्रीकरण करावे आणि दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे, मार्गिकेनुसार व वाहनप्रकारानुसार हाताने मोजणी करावी. मोकळ्या वाहतुकीचा एक आणि दाट वाहतुकीचा एक असे निदान दोन कालखंड हवेत.

नवख्यांना चकवणारी गोष्ट अशी की एकूण बेरीज जुळणे म्हणजे मोजणी बरोबर असणे नव्हे. समजा प्रत्यक्षात ५०० वाहने गेली, यंत्राने २० सोडली आणि १८ दोनदा मोजली. बेरीज ४९८ येते, चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी दिसते. वस्तुतः ३८ नोंदी, म्हणजे ७.६ टक्के, चुकीच्या आहेत. वाहतुकीचे मिश्रण बदलले की या दोन चुका एकमेकींना झाकेनाशा होतात. म्हणून सुटलेली आणि दोनदा मोजलेली वाहने वेगवेगळी लिहावीत. सुटलेल्यांत दुचाकी अधिक असतील तर संवेदनक्षमता किंवा वेढे कमी आहेत. दोनदा मोजलेल्यांत ट्रेलर अधिक असतील तर लूपची उंचीची पोहोच अपुरी आहे. दोन्ही मार्गिकांत एकाच क्षणी नोंद दिसत असेल तर वाहने रेषेवरून जात आहेत किंवा लूप एकमेकांत बोलत आहेत.

१३. नोंदपुस्तिका आणि देखभाल

प्रत्येक लूपसाठी एक पान ठेवावे. त्यावर वेढ्यांची संख्या, दिशा, वरच्या तारेची खोली, लूपपासून चेंबरपर्यंतचे व चेंबरपासून पेटीपर्यंतचे अंतर, दोन लूपमधील मोजलेले अंतर, तिन्ही मापे आणि त्या दिवशीचे हवामान लिहावे. पेटीच्या दाराच्या आत याची एक प्रत चिकटवावी, कारण दुरुस्तीला येणारा माणूस कार्यालयातील फाईल घेऊन येत नाही.

पहिला मोठा पाऊस झाल्यावर आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी मापे पुन्हा घ्यावीत. आवरणाचा रोध हळूहळू घसरत असेल तर ओल शिरते आहे, आणि संशय सर्वप्रथम चेंबरमधील जोडावर घ्यावा. तारेचा रोध वाढत असेल किंवा केबल हलवताच बदलत असेल तर जोड सैल आहे. इंडक्टन्स एकदम खाली आला तर दोन वेढ्यांमधील आवरण जाऊन ते एकमेकांना चिकटले आहेत, आणि त्यावर नवा लूप कापण्याशिवाय उपाय नाही. मधल्या काळात आकड्यांकडेही लक्ष असू द्यावे: दिवसा अचानक शून्य, मध्यरात्री न बदलणारा संशयास्पद आकडा, किंवा एका मार्गिकेचा वाटा एका दिवसात दुप्पट होणे, ही दोषाची चिन्हे आहेत.

रस्त्याचे नूतनीकरण ठरवणाऱ्या विभागाकडे लूपची ठिकाणे आणि वरच्या तारेची खोली लेखी कळवून ठेवावी. वरचा ४० मिलिमीटरचा थर खरवडण्याचे ठरले आणि तार ३५ मिलिमीटरवर असेल, तर लूप वाचणार नाही. ही बातमी वेळेवर मिळाली तर नवा थर अंथरण्याआधीच तयार लूप टाकून घेता येतात आणि नव्या रस्त्याला खाच पाडावी लागत नाही.